पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

नव्या उद्योजकांकडून या महिन्यात आलेल्या पत्रांत दोन विषय सारखे डोकावतात. जाहिरातीवर पैसे गेले आणि ग्राहक आला नाही, हा एक. ऑनलाइन कमाई शिकवणाऱ्या कोर्सला पैसे भरू का, किंवा भरून बसलो, आता काय करू, हा दुसरा. निवडलेल्या पत्रांत गावांची नावं ठेवली आहेत, माणसांची काढली आहेत.

प्रश्न : मी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. नोकरी सांभाळून टॉवेल ऑनलाइन विकायचा विचार आहे. गेल्या रविवारी ९९ रुपयांचा तीन तासांचा वेबिनार केला. शेवटी सांगितलं की ७५,००० रुपयांची मेंटॉरशिप आज रात्री १२ पर्यंत २४,९९९ अधिक जीएसटीत मिळेल, ७ जागा उरल्यात. मुदत गेली, पण रोज तीन-चार फोन येतात, आणि 'तुमच्यासाठी जागा धरून ठेवली आहे' असं सांगतात. कमाईचे स्क्रीनशॉटही दाखवले. भरू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आत्ता भरू नका. रात्री १२ ला संपलेली जागा आज तुमच्यासाठी धरून ठेवलेली असते, एवढ्यावरून त्या घड्याळाची किंमत कळते. तोच दुवा उद्या दुसऱ्या फोनवरून उघडून बघा, घड्याळ बहुतेक पुन्हा नव्याने सुरू झालेलं दिसेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या १३ प्रकारांत खोटी घाई निर्माण करणं हा प्रकार स्पष्टपणे नोंदवलेला आहे.

या वेबिनारची बांधणी समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तासाभरातच उठता येईल. ९९ रुपये शिकवण्याचे नसतात. हजार जणांतून कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे भरायला तयार असलेले कोण, हे त्यातून गाळून घेतलं जातं. मग पहिला दीड-दोन तास वक्त्याची गरिबी, गाडी, परदेशवारी. मध्ये वीस मिनिटं खरी माहिती, तीही 'काय करायचं' एवढीच, 'कसं करायचं' ते पुढच्या पायरीवर. मग आधी फुगवलेली किंमत सांगून ती पायरीपायरीने उतरवायची. नंतर फोन करणारे 'काउन्सेलर' हे बहुधा कमिशनवरचे विक्रेते असतात. २५ हजार भरलेल्यांना काही आठवड्यांनी लाख-दीड लाखाची पुढची पायरी दाखवली जाते. या सगळ्या जिन्यात तुमचा एक टॉवेल विकला जाण्याची पायरी कुठे आहे, हे शोधा. मला तुमच्या पत्रात ती दिसली नाही.

त्यांना विचारायचा मुख्य प्रश्न एकच आहे: तुम्ही जो धंदा शिकवता, त्यातून तुमची कमाई होते, की तो शिकवण्यातून? टॉवेल, चादर, भांडी, काहीही विकणारं त्यांचं स्वतःचं दुकान असेल तर त्याचं नाव मागा आणि तिथून एक वस्तू मागवून बघा. उत्तर गोलमोल आलं तर समजा की त्यांचा माल म्हणजे तुम्हीच आहात.

कागदावर तपासायच्या गोष्टी अर्ध्या तासात होतात. जीएसटी आकारतायत म्हणजे १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक असायलाच हवा. तो लेखी मागा. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्यांचा पॅन. क्रमांकातलं सहावं अक्षर पी असेल तर तो एकट्या व्यक्तीचा, एफ असेल तर भागीदारी संस्थेचा, सी असेल तर कंपनीचा. जाहिरातीत 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि क्रमांकात पी, असं दिसलं की विचारणा करा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधायची सोय आहे. तिथे नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कोणालाही फुकट बघता येतं. कंपनी असल्यास कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्थापनेची तारीख आणि भरणा झालेलं भांडवल दिसतं. 'दहा वर्षांचा अनुभव' सांगणारी कंपनी चौदा महिन्यांपूर्वी नोंदलेली असू शकते. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या) ॲड लायब्ररीत त्यांच्या सध्या चालू असलेल्या सगळ्या जाहिराती बघा. एकाच नावाखाली आज मार्केटिंग, उद्या शेअर, परवा 'एआय' विकलं जात असेल तर ते विषयातले जाणकार नाहीत, वेबिनार विकण्यातले आहेत.

स्क्रीनशॉटवर अजिबात विसंबू नका. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा आकडा आपल्या स्क्रीनपुरता बदलायला एक मिनिट लागतं, त्याला कसलंही खास कौशल्य लागत नाही. आणि आकडा खरा असला तरी ती एकूण विक्री असते. त्यातून जाहिरात, कुरिअर, परत आलेला माल, कर आणि मालाची किंमत वजा केल्यावर काय उरलं, ते त्या चित्रात नसतं. खाली बारीक अक्षरांत 'प्रत्येकाला असाच निकाल मिळेल असं नाही' हे वाक्य असतं. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या सूचनांनुसार असा खुलासा मुख्य दाव्याच्या विरोधात जाता कामा नये, म्हणजे मोठ्या अक्षरांत हमी देऊन बारीक अक्षरांत ती काढून घेता येत नाही.

आणखी एक हिशेब. २४,९९९ अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे २९,४९९ रुपये. नोकरी सांभाळून धंदा करू बघणाऱ्यासाठी हे मोठं भांडवल आहे. त्यातल्या पहिल्या पाचेक हजारांत तुम्ही काय करू शकता ते बघा. कारखान्याच्या मालकाशी बोलून दोन जाडीचे टॉवेल प्रत्येकी बारा नग घ्या. सलून, ब्यूटी पार्लर, लॉज आणि फिजिओथेरपी केंद्रं अशा पंधरा ठिकाणी एकेक नमुना द्या, आणि तीन आठवड्यांनी परत जा. तुम्हाला मालाची पारख आहे, तीच तुमची जाहिरात. ६० बाय १२० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे ०.७२ चौरस मीटर. तो ३२४ ग्रॅम भरला तर ४५० जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम. हे गिऱ्हाइकासमोर तराजूवर मांडून दाखवा, पाच धुण्यांनंतर किती आटला ते मोजून सांगा. सलूनवाल्याला रोजच्या रोज टॉवेल धुवावे लागतात, त्याला रंग टिकणं आणि लवकर वाळणं महत्त्वाचं, मऊपणा नंतर. ही माहिती त्याच्या तोंडून ऐकल्यावरच ऑनलाइन जाहिरातीत काय लिहायचं ते तुम्हाला कळेल. कारखान्यात नोकरीला आहात, तेव्हा हे मालकाला सांगूनच करा.

प्रश्न : आम्ही घरी कोकम आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं आणि कुळथाचं पीठ करतो. फेसबुकवर पोस्ट ३,००० रुपयांना 'बूस्ट' केली. साडेचारशे लाइक आले, ऑर्डर दोनच, त्याही एकेक बाटलीच्या. त्यातली एक बाटली वाटेत गळली. आमची जाहिरात चुकली की माल?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : माल चांगला असणार. जाहिरात चुकली आणि त्याहून जास्त हिशेब चुकला, तेव्हा आधी हिशेब.

अर्ध्या लिटरची बाटली २२० रुपयांना विकता असं धरू. आगळाचा खर्च ७० (घरच्या माणसांची मजुरी धरून, ती फुकट समजू नका), बाटली-झाकण-लेबल १८, खोका आणि वेष्टण १७, मुंबईपर्यंत कुरिअर ७५. झाले १८०. उरले ४०. तीन हजारांवर १८ टक्के जीएसटी लागून जाहिरातीचा खर्च ३,५४० होतो, म्हणजे प्रत्येक ऑर्डरमागे १,७७० रुपये. पण समजा जाहिरात उत्तम चालली असती आणि ऑर्डर १०० रुपयांत मिळाली असती, तरी दर बाटलीमागे ६० रुपये खिशातूनच गेले असते. एकेक बाटली जाहिरात करून विकताच येत नाही. इथे कितीही हुशार जाहिरातदार आणला तरी फरक पडणार नाही.

म्हणून एक संच करा. आगळाच्या दोन बाटल्या, पाव किलो आमसुलं, अर्धा किलो कुळथाचं पीठ. विक्री ४४० + १३० + ११० म्हणजे ६८० रुपये. खर्च बाटल्यांचा १७६, आमसुलांचा ७०, पिठाचा ६५, मोठा खोका ३०, कुरिअर १३०, एकूण ४७१. उरले २०९. आता जाहिरातीला जागा झाली. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण रीत हीच. ऑर्डरमागे उरणाऱ्या रकमेच्या निम्म्याहून अधिक जाहिरातीवर जाऊ देऊ नका.

कुरिअरचं एक कलम नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. ते खऱ्या वजनावर किंवा खोक्याच्या आकारमानावर, जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात. ३० बाय २२ बाय १८ चा खोका म्हणजे २.३८ किलो, मग आतला माल दोन किलोचा का असेना. खोका दोन सेंटिमीटरने आखूड करता आला तर तो वजनाच्या खालच्या टप्प्यात बसतो का, ते दरपत्रक हातात घेऊन बघा.

घरपोच पैसे घ्यायची सोय, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, सुरुवातीला ठेवू नका. १०० संच पाठवले आणि २० जणांनी दारातून परत केले असं धरा. ८० संचांवर उरले १६,७२०. परत आलेल्या प्रत्येकावर जाण्यायेण्याचे २६० आणि खोक्याचे ३०, असे २९०, वीसांचे ५,८००. शिल्लक १०,९२०. जाहिरातीचा खर्च मात्र शंभरही ऑर्डरींवर झालेला असतो. दर ऑर्डरीस १०० प्रमाणे तो १०,०००. महिनाभर घरादाराने राबून हाती ९२० रुपये, आणि हे बाटली न गळता परत आली असं धरून. आगाऊ पैसे देणाऱ्याला ३० रुपये सवलत द्या, ती खूप स्वस्त पडते.

आता जाहिरात. 'बूस्ट' केलं की ती यंत्रणा बहुतेक वेळा लाइक करणारी माणसं शोधते, कारण तिला तेच सांगितलेलं असतं. लाइक करणारा आणि विकत घेणारा ही वेगळी माणसं. ॲड्स मॅनेजर उघडून उद्दिष्ट निवडताना व्हॉट्सॲपवर मेसेज येतील असा पर्याय घ्या. सगळा महाराष्ट्र निवडू नका. विदर्भातल्या घरात आगळ म्हणजे काय हे समजावण्यात तुमचे पैसे जातील. तुमचं गिऱ्हाईक दादर, लालबाग, ठाणे, डोंबिवली, बदलापूर, विरार इथला चाकरमानी आहे. त्याला सोलकढी शिकवायची नाही, गावची आठवण करून द्यायची आहे. मार्च ते मेच्या उन्हाळ्यात आणि गणपतीच्या आधीचे तीन आठवडे, एवढ्यातच पैसे लावा. मेमध्ये तो स्वतःच गावी येऊन बाटल्या नेतो, तेव्हा मे महिन्याच्या शेवटी जाहिरात नको, घराबाहेर पाटी हवी. फोटोत नुसती बाटली नको, शेजारी भरलेली वाटी असू द्या. किंमत जाहिरातीतच लिहा, नाहीतर निम्मे मेसेज 'रेट?' एवढेच येतील आणि पुढे काहीच नाही. रोज ३०० प्रमाणे पाच दिवस चालवा, मध्ये हात लावू नका. दररोज बदल केला तर काय चाललं आणि काय नाही हे कधीच कळत नाही. वहीत तीन रकाने पुरे: किती मेसेज, किती ऑर्डर, किती खर्च.

गळतीचं कारण बहुधा झाकण. झाकणाखाली ॲल्युमिनियमचं सील लावलेलं असलं पाहिजे, ते गरम करून बसवायचं हातातलं यंत्र मिळतं. बाटली काठोकाठ भरू नका. मीठ कमी पडलेलं आगळ आंबून बाटली फुगते, मग सीलही टिकत नाही. प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिक पिशवीत बांधून मग वेष्टणात, म्हणजे एक गळली तरी पीठ वाचेल. लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, शाकाहारी चिन्ह, घटक, निव्वळ प्रमाण, बॅच, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसह कमाल किंमत, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीचा फोन हवा.

खरी कमाई दुसऱ्या ऑर्डरीपासून आहे, कारण तिला जाहिरात लागत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमधल्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून खोक्यात चिठ्ठी घाला, 'हा नंबर साठवून ठेवा, नवं आगळ निघालं की कळवू.' महिन्याला एक-दोन मेसेज पुरे. रोज सुप्रभात पाठवलं तर लोक तक्रार नोंदवतात आणि नंबरच बंद होतो.

प्रश्न : माझं पंपाच्या मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे. वर्षाला १२,००० भरा, गुगलवर पहिल्या नंबरला आणतो, असा फोन आला. तो म्हणतो की तो गुगलमधूनच बोलतोय.
– एक वाचक, अकोला

उत्तर : गुगलवर दुकानाचं बिझनेस प्रोफाइल फुकट असतं आणि नकाशातला वरचा क्रम पैसे घेऊन विकला जात नाही. शोधलेल्या शब्दाशी दुकान किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे आणि किती परिचित आहे, यावर तो ठरतो. जाहिरात म्हणून वर दिसता येतं, पण ती दर क्लिकला पैसे घेणारी वेगळी गोष्ट आहे आणि तिथे 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलेलं असतं.

प्रोफाइल स्वतःच्या ईमेलवरून उघडा. दुसऱ्याची मदत घेतलीत तर त्याला व्यवस्थापक करा, मालकी देऊ नका. एजंटच्या ईमेलवर उघडलेलं प्रोफाइल पुढच्या वर्षी पैसे न भरल्यास अडकवून ठेवलं जातं. पडताळणीला आता अनेकदा दुकानाचा व्हिडिओ मागतात. त्यात रस्त्यावरची पाटी, शटर उघडताना तुम्ही आणि आतलं वाइंडिंग मशीन एका सलग चित्रणात दाखवा. नावात 'अकोल्यातील सर्वोत्तम मोटर रिपेअर' असले शब्द घुसवू नका, पाटीवर आहे तेच नाव लिहा, नाहीतर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. कोणते पंप, किती एचपीपर्यंत, किती दिवसांत मिळेल, हे सेवांच्या यादीत लिहा. पेरणीच्या आणि रब्बीच्या ओलिताच्या दिवसांत वेळ वाढवत असाल तर तीही बदला. शेतकरी रात्री आठला फोन करतो आणि प्रोफाइल 'बंद' दाखवतं, तेव्हा तो दुसरीकडे जातो. मोटर नेताना गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहायला सांगा, पण त्याबदल्यात सूट देऊ नका, ते नियमात बसत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीने मैत्रिणीच्या सांगण्यावरून ६,००० रुपयांचं डिजिटल कोर्सचं पॅकेज घेतलं. तेच पॅकेज दुसऱ्याला विकलं की मोठं कमिशन मिळतं, आणि त्यांनी पुढे विकलं की त्यातलंही थोडं. ती याला 'ॲफिलिएट मार्केटिंग' म्हणते. हे कायदेशीर आहे का?
– एक पालक, बीड

उत्तर : खऱ्या ॲफिलिएट मार्केटिंगमध्ये तुम्ही एखाद्या दुकानाची वस्तू सुचवता, कोणी ती घेतली की दुकान तुम्हाला काही टक्के देतं. त्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत आणि तुमच्याखाली माणसं जोडायची नसतात. मुलीला इतकंच विचारा: पुढे विकायचा हक्क मिळणार नसेल, तर हा कोर्स ६,००० ला कोणी नुसता शिकायला घेईल का? उत्तर 'नाही' असेल, तर पैसा ज्ञानातून येत नाही, पुढच्या माणसाच्या खिशातून येतो.

प्रत्येकाने पाच जण जोडायचे, हे ऐकायला सोपं वाटतं. पाचाचे पंचवीस, पंचविसाचे सव्वाशे. बाराव्या पायरीवर २४ कोटी ४१ लाख माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. पायरी कितवीही असो, शेवटच्या थरातले लोक नेहमीच सर्वांत जास्त असतात आणि त्यांचे पैसे बुडतात. हा थर बहुधा आपल्याच वर्गातला, नात्यातला, गल्लीतला असतो.

कायद्याने बघायचं तर १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा कायदा अशी योजना चालवणाऱ्यालाच नाही, तर तीत सभासद होणाऱ्याला किंवा भाग घेणाऱ्यालाही लागू होतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांत पिरॅमिड योजनेला प्रोत्साहन देणं आणि तीत माणसं जोडणं, दोन्ही मना आहे. मध्ये एखादी वस्तू किंवा व्हिडिओ ठेवला म्हणून स्वरूप बदलत नाही, पैसा कशाबद्दल मिळतो ते पाहिलं जातं. २०१७ साली नोएडातलं सुमारे ३,७०० कोटींचं प्रकरण उघडकीस आलं, तिथेही 'दर लाइकला पाच रुपये' असं कामाचं सोंग होतं. भरणाऱ्यांचे पैसे आधीच्या भरणाऱ्यांना दिले जात होते.

मुलीवर रागावू नका. तिने अजून कोणाला जोडलं नसेल तर तिथेच थांबू द्या. जोडलं असेल तर त्या मैत्रिणींना तिने स्वतः सांगावं आणि घेतलेलं कमिशन परत करावं. हे अवघड आहे, पण लवकर केलं तर मैत्री वाचते.

प्रश्न : ८०,००० चा 'ई-कॉमर्स कोच' कोर्स हप्त्यांवर घेतला. दोन आठवड्यांत कळलं की शिकवणं म्हणजे जुने व्हिडिओ. पैसे परत देत नाहीत. हप्ता थांबवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : न कळवता थांबवू नका. कोर्सचा करार कोचशी आहे, कर्जाचा करार वित्तसंस्थेशी. हप्ता चुकला तर दंड तुम्हाला आणि डाग तुमच्या सिबिलवर. अनेकांना आपण कर्ज घेतलं हेच माहीत नसतं, कारण ओटीपी 'रजिस्ट्रेशनसाठी' म्हणून मागितलेला असतो. आधी कर्जाचं मुख्य माहिती पत्रक आणि मंजुरीची तारीख शोधा. डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान एक दिवसाची, काही संस्थांकडे त्याहून अधिक, अशी माघारीची मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तुमची मुदत बहुधा संपली असेल, तरी पत्रकात बघा.

मग पुरावे, आजच. जाहिरात, विक्रीचं पान, परताव्याच्या अटी, फोनवर दिलेल्या आश्वासनांनंतर आलेले मेसेज, पावती, वर्गांचं वेळापत्रक. व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून घ्या. काढल्यावर बरंच हाताबाहेर जातं. कोचला ईमेल करा: कोणतं आश्वासन, कोणत्या तारखेचं, प्रत्यक्षात काय मिळालं, किती रक्कम परत हवी, १५ दिवसांची मुदत. रागाचे शब्द नकोत. त्याचीच प्रत वित्तसंस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. तिच्याकडून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मराठीत बोलता येतं. तिथल्या मध्यस्थीने काही वेळा पैसे सुटतात. नाही सुटले तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच, म्हणजे नाशिकला, तक्रार दाखल करू शकता. कंपनी बंगळूरची का असेना. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. समोरची बाजू हमखास म्हणेल की तुम्ही व्यापारासाठी कोर्स घेतला, म्हणून ग्राहक नाही. तेव्हा स्वतःच्या उपजीविकेसाठी, एकट्याने करायच्या कामासाठी घेतला, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा, आणि या मुद्द्यापुरता तरी वकिलाचा सल्ला घ्या. यूपीआय ऑटोपे दिलं असेल तर ॲपमध्ये जाऊन कोर्सवाल्याची इतर काही वर्गणी चालू आहे का ते बघा, असल्यास रद्द करा. कर्जाच्या हप्त्याचं मँडेट मात्र त्यात मिसळू नका.

प्रश्न : नवीन करंट अकाउंट काढलं आहे. धंदा अजून सुरू नाही. एक जण म्हणतो, खातं महिनाभर वापरायला दे, उलाढालीच्या २ टक्के देतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : देऊ नका. पासबुक, एटीएम कार्ड, सिम, नेट बँकिंग, काहीही नाही. फसवणुकीचा पैसा फिरवायला अशीच कोरी चालू खाती शोधतात. ज्यांचे पैसे गेले ते तक्रार करतात, पोलिसांच्या सूचनेवरून खातं गोठतं आणि गुन्ह्यात पहिलं नाव खातेदाराचं येतं. दिलं असेल तर आजच बँकेत लेखी कळवून खातं बंद ठेवायला सांगा आणि सायबर पोलिसांकडे जा. पैसे गेलेल्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी अडवता आला तर परत मिळण्याची शक्यता असते, म्हणून तासांना किंमत आहे.

प्रश्न : मग शिकायचं कुठे? आणि उद्यम नोंदणीसाठी एका संकेतस्थळाने २,७०० रुपये मागितले, ते बरोबर आहे का?
– एक वाचक, वाशीम

उत्तर : उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पूर्ण फुकट आहे. आधार आणि पॅन लागतं, कागद चढवावे लागत नाहीत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' असा संपतो. गुगलवर शोधताना सर्वांत वर दिसणारी काही पानं खाजगी एजंटांची असतात, रंगसंगती सरकारी वाटेल अशी.

शिकण्यासाठी आधी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, बघा. बँका चालवतात, प्रशिक्षण मोफत असतं आणि राहण्याजेवणाची सोयही. दुग्धव्यवसाय, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, मसाले असे विषय असतात, हिशेब आणि बाजारपेठेचा भागही त्यात येतो. शहरात असाल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कार्यक्रम आणि जिल्हा उद्योग केंद्र. अन्नप्रक्रियेतल्या सूक्ष्म उद्योगाला केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. बचत गटातल्या महिलांनी उमेद अभियानाच्या किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) तालुका पातळीवरच्या कार्यकर्तीला गाठावं.

व्हिडिओ बनवणं, जाहिरात लावणं यासाठी मेटा आणि गुगल दोघांचेही मोफत धडे आहेत. त्यांच्या धड्यांत जाहिरातीवर जास्त खर्च करा असाच सूर असणार, तेवढं ध्यानात ठेवून बटणं कुठे आहेत ते शिकून घ्या. आरसेटीत जाण्याआधी फोन करून पुढची बॅच कोणत्या विषयाची आणि केव्हाची ते विचारा. बॅच साधारण २५ ते ३५ जणांची असते आणि लवकर भरते.